दिसतं कमी, ऐकू येतं कमी, आणि एलएलबी करायचंय? मग हे वाचा

मी अमळनेर तालुक्यातली, सध्या जळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून कमी ऐकू येतं, नववीत असताना संध्याकाळ झाली की दिसेनासं व्हायला लागलं, आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं तेवढंच. डॉक्टर अशर सिंड्रोम म्हणतात, आजी म्हणायची नजर लागली पोरीला.

नवीन येणाऱ्यांनी हाबेन गिर्माबद्दल नक्की वाचा. अमेरिकेतली वकील, डेफब्लाइंड (म्हणजे ऐकणं आणि दिसणं दोन्हीची अडचण), २०१३ ला हार्वर्ड लॉ स्कूलमधून पास झालेली तशी पहिलीच. समोरचा कीबोर्डवर टाइप करतो आणि ते तिच्या बोटांखाली ब्रेलमध्ये उमटतं. पण मला तिची मेसची गोष्ट जास्त आवडते. कॉलेजच्या मेसमध्ये मेनू लावलेला असायचा, तिला वाचता यायचा नाही, ताटात काय येईल ते नशीब. मेनू ईमेलवर मागितला तर आज पाठवू उद्या पाठवू. मग तिने कायद्याचं नाव घेऊन लिहिलं की ही मेहरबानी नाही, आणि मेनू यायला लागला.

माझंही सेम, फक्त मेनूच्या जागी परीक्षा. पहिल्या वर्षी ऑफिसात तोंडी सांगत बसले, "बघू ताई" एवढंच ऐकलं (तेही दोनदा विचारून), रायटर (आपण सांगू ते पेपरात लिहून देणारा) मिळालाच नाही. पुढच्या वेळी अर्ज टाइप करून नेला, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातल्या २१ प्रकारांमध्ये डेफब्लाइंडनेसचाही उल्लेख आहे, केंद्राच्या गाइडलाइनप्रमाणे तासाला कमीत कमी २० मिनिटं जादा, हे सगळं त्यात टाकलं आणि इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घेतला. तो शिक्का विसरू नका रे बाबांनो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधीच काढून ठेवा, ऐन परीक्षेत पळापळ नको.

लेक्चर कसं कळतं हे सगळेच विचारतात. बहीण शेजारी बसून माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढते, शिरोरेघ नाही मारायची, एक अक्षर झालं की त्याच जागी दुसरं, शब्द संपला की हात पुसायचा. जोडाक्षरं म्हणजे डोकेदुखी, 'प्रतिज्ञापत्र' तर आम्ही सरळ 'पप' करून टाकलंय. आजीला लिहिता येत नव्हतं, तिची खूण वेगळी, मनगटावर दोन टिचक्या म्हणजे चहा, तीन म्हणजे भरीत झालंय.

मूट कोर्टात (कॉलेजातलं सरावाचं कोर्ट) जज साहेब बहिणीकडे बघून प्रश्न विचारत होते, मी म्हटलं सर, वकील मी आहे, इकडे बघा. बहीण हातावर लिहायचंच विसरली, हसत बसली.