पोटऱ्या भरून आल्यावर: हलक्या हाताने पाय चोळण्याची रीत

दिवे घाट चढून सासवडला पोचलेल्या वारकऱ्याची मुक्कामावरची पहिली तक्रार बहुधा पोटऱ्यांची असते. चढावर दर पावलाला टाच उचलून सगळं अंग वर ढकलायचं काम त्यांचंच. वारीच्या वाटेवर पाय चोळून देण्याची सेवा म्हणूनच चालते. सवय नसताना सिंहगड चढून आलेल्याची किंवा दिवसभर काउंटरमागे उभं राहणाऱ्याची गत फार वेगळी नसते. पाय चोळायला हात घरचेच पुरतात, मात्र त्या हातांना तीन गोष्टी ठाऊक हव्यात: कुठला पाय चोळायचा नाही, जोर किती लावायचा आणि थांबायचं कधी.

तेल घेण्याआधी पाय बघा

दोन्ही पाय उजेडात शेजारी शेजारी ठेवा. थकव्याने दुखणाऱ्या पोटऱ्या बहुतेकदा दोन्हीकडे, थोड्याफार सारख्या दुखतात. एकच पोटरी सुजली आहे, हाताला गरम लागते, कातडी ताणून लालसर किंवा काळसर झाली आहे, आणि आत खोलवर दुखतंय, असं असेल तर तेलाची बाटली परत ठेवा. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेततं. नुकतंच ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेलं, पायाला प्लास्टर, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले, लांबचा विमानप्रवास, कॅन्सरचे उपचार, गर्भनिरोधक गोळ्या चालू, यातलं काही असेल तर शंका आणखी पक्की धरा.

शिंप्याची टेप घरात असेल तर मोजून घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या खाली 10 सेंमीवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्यायचा. फरक 3 सेंमीहून जास्त भरला तर त्याच दिवशी डॉक्टर. माप सारखं आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. वरची लक्षणं असतील तर टेप काहीही म्हणो, दाखवायलाच हवं. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल.

चालता-पळताना ‘तडकन’ आवाज आला, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, तर टाचेची शीर (रक्ताची शीर नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) तुटलेली असू शकते. माणसाला पालथं झोपवून पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि पोटरी हलकेच मुठीत आवळा. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं, बोटं नडगीपासून लांब जातात. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. पाऊल जागचं हललं नाही तर चोळाचोळ नाही, अस्थिरोगतज्ज्ञ.

ताजा मुकामार किंवा स्नायू फाटल्याची शंका असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागेला चोळायचं नाही, आणि मोठा काळानिळा डाग असेल तर तो ओसरेपर्यंत नाही. ‘रक्त साकळलंय, चोळून मोकळं करू’ हा आपल्याकडचा हट्ट महागात पडतो: आतला रक्तस्राव वाढतो, आणि जबर मारावर जोराने चोळत राहिलं तर क्वचित स्नायूतच हाड धरायला लागतं. फुगलेल्या निळ्या शिरांवर, फोडांवर, जखमेवर आणि पुरळावर हात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाब देऊ नका. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला ‘किती दुखतंय’ हेच कळत नाही, म्हणून तिथे फक्त वरवरचा हात.

जोराचं गणित

घरोघरी आईच्या तोंडून ऐकू येणारं वाक्य: ‘अगं, जोर लाव की, नुसतं कुरवाळतेस काय!’ आईला तसं वाटणं साहजिक आहे, कारण जबर दाबानंतर हात काढला की सुटल्यासारखं वाटतं. पण फार दुखेल इतका दाब आला की स्नायू स्वतःला आखडून घेतो. मग तुम्ही आणखी जोर लावता, तो आणखी आखडतो, आणि दुसऱ्या दिवशी पोटरीवर बोटांचे निळे ठसे उमटतात.

चोळून ‘गाठी फुटत’ नाहीत आणि ‘लॅक्टिक आम्ल’ही बाहेर पडत नाही. ते आम्ल चालणं थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच निपटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे सगळ्यात जास्त ठणकतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि चालू असलेल्या डागडुजीमुळे. संथ, उबदार, एकसारख्या स्पर्शाने मज्जासंस्थेचा पहारा सैल पडतो, ताठरपणा उतरतो, आणि पाय हलवायची भीती जाते. एवढं मिळवायला मनगटाचा जोर लागत नाही.

म्हणून मोजमाप चोळून घेणाऱ्याच्या तोंडी ठेवा. ‘आई, दहापैकी किती दुखतंय?’ असं अधूनमधून विचारायचं, 0 म्हणजे अजिबात नाही आणि 10 म्हणजे असह्य. उत्तर 3 किंवा 4 हवं. 5 आलं की दाब कमी. आई उत्तर देण्याऐवजी ‘चालेल, चालेल’ म्हणत असेल तर तिच्या पायाच्या बोटांकडे बघा. बोटं वळली, श्वास अडकला, चादर मुठीत आली, तर ती काहीही म्हणो, दाब जास्त झालाय.

तयारी

एका पायाला, गुडघ्यापासून बोटांपर्यंत, चहाचा एक चमचा तेल पुरतं. जास्त झालं की हात घसरतात, मांस पकडीत येत नाही, आणि माणूस उठताना फरशीवर घसरतो ते वेगळंच. तिळाचं किंवा खोबरेल कुठलंही चालेल. खोबरेल थंडीत गोठतं, तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. राईच्या तेलाने काहींची कातडी चुरचुरते. झोंबणारा बाम लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजतं.

पालथं झोपवा, घोट्यांखाली टॉवेलची जाड गुंडाळी, म्हणजे गुडघा किंचित वाकतो आणि पोटरी सैल पडते. वयस्कर माणसाला पालथं होणं जड जातं. त्यांना कुशीवर झोपवून गुडघ्यांमध्ये उशी द्या, किंवा खुर्चीत बसवून त्यांचं पाऊल तुमच्या मांडीवर घ्या. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, नखं कापा. तुमच्या कोपराचा कोन मोकळा असावा आणि दाब अंगाचा भार पुढे झुकवून यावा. नुसत्या अंगठ्यांनी दाबत बसलात तर पाचव्या मिनिटाला अंगठ्याचं बूड तुमचंच दुखायला लागेल.

पोटरीवर हात

सुरुवातीला दोन्ही तळहात पोटरीवर नुसते टेकवा, अर्धा मिनिट. मग तेल लावता लावता घोट्यापासून गुडघ्याकडे लांब हात फिरवा. वर जाताना तळहात पूर्ण टेकलेला, एका फेरीला 5-6 सेकंद. खाली परतताना बाजूंनी, अगदी अलगद. अशा 8 ते 10 फेऱ्या. दिशा वरचीच, कारण शिरांमधलं रक्त आणि लसिका (शरीरातला पाणीदार द्रव) हृदयाकडेच जायचं असतं. गुडघ्यामागच्या खळगीत पोचण्याआधी हात उचला. तिथून मोठी नस (मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं बोंड लागतं. त्याला वळसा घालून जाणारी नस दाबली गेली तर पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत मुंग्या येतात, तेव्हा तीही जागा टाळा.

आता मळायचं, आणि हात पुरणपोळीच्या सैल कणकेवर चालतो तसा ठेवायचा. पुरीची घट्ट कणीक तिंबतो तसा नाही. एका हाताने पोटरीचं मांस हाडापासून किंचित उचलून धरायचं, सोडायचं, तेवढ्यात दुसऱ्या हाताने पुढचं धरायचं. चिमटा बसू नये म्हणून पूर्ण पंजा वापरा, बोटांची टोकं नव्हे. 2 ते 3 मिनिटं, पोटरीच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही उंचवट्यांवर. नीट जमलं की मांस हळूहळू जड आणि ढिलं लागतं. हे हाताला कळतंच.

मळताना दोरीसारखी किंवा सुपारीसारखी दुखरी जागा सापडेल. तिथे अंगठा टेकवा, त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा आधाराला ठेवा, आणि दुखणं 4 वर येईपर्यंत सावकाश भार द्या. मग हलू नका. 20 ते 30 सेकंदांत ते 4 चं 2 झालं की तितक्याच सावकाश सोडा. उतरण्याऐवजी चढत गेलं, किंवा झणझणीत कळ खाली पावलात गेली, तर जागा सोडून द्या. एका पायावर अशा तीन जागा पुरेत, प्रत्येक जास्तीत जास्त दोनदा. सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो: जागा सापडली की लोक तिच्यावर पाच-पाच मिनिटं घासत बसतात.

पोटरीच्या मोठ्या स्नायूखाली आणखी एक चपटा स्नायू असतो. गुडघा काटकोनात वाकवून पाऊल हातात धरलं की वरचा स्नायू सैल पडतो आणि हा हाताला लागतो. पोटरीच्या खालच्या निम्म्या भागात, दोन्ही बाजूंनी बोटांच्या पोटांनी हलके गोल फिरवा, एक मिनिट. पुढे टाचेच्या शिरेवर घासायचं नाही. ती चिमटीत धरून फक्त डावी-उजवीकडे हलवा, 10-12 वेळा.

तळवा

इथे कातडी जाड, त्यामुळे मूठ वळून बोटांच्या पेरांनी टाचेकडून बोटांकडे सावकाश सरकवा, 8-10 वेळा. गुदगुल्या होत असतील तर दाब कमी नव्हे, थोडा जास्त आणि संथ हवा. सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येत असेल तर पलंगावरून उतरण्याआधीच त्या पायाची आडवी मांडी घाला, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा आणि तळव्याची मधली शीर, म्हणजे टाचेकडून बोटांकडे जाणारा पट्टा, ताठ झाली का ते दुसऱ्या अंगठ्याने चाचपा. 10 सेकंद धरून सोडायचं, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. टाचदुखीत नुसत्या चोळण्यापेक्षा याच्यावर आमचा भरवसा जास्त.

एका पायाला एकूण 10 ते 12 मिनिटं. शेवट पुन्हा लांब हातांच्या चार-पाच फेऱ्यांनी करा आणि तेल कोरड्या टॉवेलने पुसून घ्या, विशेषतः तळवे.

उठल्यानंतर

सैल पडलेला पाय तसाच झोपू दिला तर सकाळी पुन्हा आखडतो. म्हणून झोपल्या झोपल्याच पाऊल वर-खाली 20 वेळा, मग भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पोटरी ताणायची, 30 सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडं चालणं. चोळलेल्या जागी दिवसभर हलकं ठसठसणं चालतं. त्याच्या पुढे गेलं किंवा निळं पडलं तर पुढच्या खेपेला दाब निम्मा. एक दिवसाआड करा. दोन आठवड्यांत काहीच उतार नसेल, किंवा ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की लगेच राहते असं होत असेल, तर चोळणं थांबवून दाखवा. दुसऱ्या प्रकारात दोष बहुतेकदा रक्तपुरवठ्याचा असतो.

रात्री पायात गोळा आला तर चोळण्याआधी ताण द्या. गुडघा सरळ करा, पायाची बोटं धरून पाऊल नडगीकडे ओढा, आणि गोळा सुटेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा-एक मिनिट, तसंच धरून ठेवा. सुटल्यावर तळहाताने वरच्या दिशेने चार हलके हात.