ध्रुवाकडच्या दोन गावांमधलं विमानाचं अंतर कसं काढायचं

भाच्याने म्हापशाहून विचारलं म्हणून लिहितोय. कॅनडात पार वर रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड ही दोन गावं, मध्ये रस्ताच नाही, जायचं तर विमानाने. आधी अक्षांशांतला फरक बघा, साधारण 1.7 अंश, गुणिले 111 (अक्षांशाचा एक अंश म्हणजे इतके किमी), झाले साधारण 190 किमी. आता रेखांश, आणि इथेच घोळ होतो बघा, आपल्या पणजीत एक अंश म्हणजे 107 किमी पण तिकडे रेषा जवळ येतात त्यामुळे जेमतेम 28, म्हणून 12 अंशांच्या फरकाचे साधारण 335च. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, आले साधारण 385 किमी. छोटं ट्विन ऑटर विमान ताशी 270च्या आसपास जातं, म्हणजे दीड तास धरा, समोरून 50चा वारा असला तर पावणेदोन. धुकं पडलं तर विमान सुटतच नाही, एक दिवस जास्तीचा हातात ठेवाच.