मतलई वाहते तोवर: थंडीत जाळरेषा कशी काढायची

देवदिवाळी झाली की आमच्या देवळातल्या बैठकीत आधी जत्रेची वर्गणी ठरते, मग दहिकाल्याला दशावतार कोणाचा आणायचा ते ठरतं. आणि उठायच्या आधी गावकर विचारतात, "रेष कधी काढूची?" रेष म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा. गेली सहा वर्षं हा प्रश्न चुकलेला नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला ओहोळाच्या दोन्ही काठांनी आमची बावीस घरं, मधे देवाचं रान, पश्चिमेला वर सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ. थंडीत नऊ घरांत चूल पेटते, बाकी घरं चाकरमान्यांची.

सहा वर्षांपूर्वी जानेवारीत माझी ३८ काजूची झाडं एका दुपारी गेली. वेंगुर्ला-४ जातीची, सात वर्षांची, मोहोरावर आलेली. सड्यावरचं गवत कोणी पेटवलं ते आजतागायत कळलेलं नाही. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, असं अजून पुष्कळ लोक मानतात. कातळावर माती असते वीतभर. ती उघडी पडली की मिरगाच्या पहिल्या सरींबरोबर ओहोळात जाते, आणि ऐन-किंजळीची रोपटी तर आधीच जळून गेलेली असतात.

रेषा कुठून न्यायची हे नोव्हेंबरात, गवत अजून अर्धं हिरवं असताना चालून ठरवा. उघडा कातळ, पायवाट, ओहोळ, दगडी गडगा हे सगळं तुमच्या बाजूने आहे. रेषा एका कातळाच्या तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंत न्या, निम्मी मेहनत वाचते. आग चढाला धावते, उताराला रेंगाळते. म्हणून बागेच्या खालच्या अंगाला गवत असेल तर तिथली रेषा वरच्यापेक्षा दुप्पट रुंद हवी. आम्ही वर १२ फूट धरतो, खाली २५. विजेच्या तारांखालचा पट्टा विसरू नका. वाऱ्यात तारा एकमेकींना लागल्या की ठिणग्या पडतात.

गवत कापून तिथेच टाकू नका. गोठ्यात न्या, नाहीतर आंबा-काजूच्या आळ्यात आच्छादन करा, मात्र रेषेपासून लांब. कापल्यावर खुंट राहतात आणि खाली पातेरा, म्हणजे वाळलेला पाला असतो. दाताळ्याने पातेरा ओढून लाल माती दिसेपर्यंत जमीन साफ करायची. माती दिसली नाही तर ती रेषा झालीच नाही, असं माझं मत आहे. काजूच्या पानाला तेल असल्यासारखी आग लागते.

पहिल्या वर्षी एवढंच करा. जाळायला जाऊ नका.

सड्यावर लांबच्या लांब गवत असेल आणि कापायला माणसं नसतील, तर दोन पट्ट्या साफ करून मधलं गवत जाळतात. चार-चार फुटांच्या दोन पट्ट्या, मधे पंधरा फूट गवत. इथे वाऱ्याची वेळ समजली पाहिजे. थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, थंड आणि सारखी. गवतावर दव असतं. दहाच्या सुमारास वारा पडतो, पान हलत नाही, आणि अकरापर्यंत पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो. माझे सासरे म्हणायचे, "सकाळचो वारो आपलो, दुपारचो दर्याचो." पान हलायचं थांबलं की आम्ही नवीन काडी ओढत नाही, समोर कितीही गवत उरलेलं असो. त्यानंतरचा वेळ फक्त विझवायचा.

आमच्याकडे सडा पश्चिमेला आणि बाग त्याच्या खाली. म्हणून पेटवायचं सड्याकडच्या, म्हणजे वरच्या कडेने. तिथून आग मतलईच्या उलट आणि उताराला सरकते, गुडघ्याच्या वर जात नाही, माणसाच्या चालीपेक्षा हळू येते. धूर बागेपासून लांब जातो. ठिणग्या मात्र सड्याकडे उडतात, म्हणून वरची पट्टी कातळाला भिडवलेली हवी आणि अर्धी माणसं तिकडे तोंड करून उभी हवीत. पेटवणारा एकच. बाकी सगळे वीस-वीस पावलांवर, हातात करवंद नाही तर ऐनाची हिरवी, पानांनी भरलेली डहाळी. डहाळी उचलून आपटायची नाही, ठिणग्या पसरतात. आगीवर दाबून आत ओढायची. फवारणीचे १६ लिटरचे पाठीवरचे पंप दोन तरी भरून ठेवा. औषधाचा पंप तीनदा धुऊन घ्या, नाहीतर ते औषध नाकातोंडात जातं. कपडे सुती, अंगभर. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा शर्ट घालून आलेल्याला मी परत पाठवते, मग तो मानकरी असला तरी. पायात चामड्याचं. एका सकाळी दहा माणसांनी शंभर पावलं झाली की पुष्कळ.

तुमची जमीन वनखात्याच्या हद्दीला लागून असेल तर वनरक्षकाला आधी सांगा. आरक्षित वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, तो आमच्या देवळाच्या खांबावर रंगवलेला आहे. आणि सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. माझ्या ३८ झाडांतली ११ च नोंदलेली होती, पंचनाम्यात बाकीची नव्हतीच.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत ते सांगते. रेषा एकदा काढून होत नाही. डिसेंबरात लखलखीत केलेली रेषा जानेवारीअखेर पुन्हा पातेऱ्याने भरते, कारण ऐन आणि साग त्याच दिवसांत पानं टाकतात. आग त्या पातेऱ्यावरून चालत पलीकडे जाते. म्हणून आमची दुसरी झाडणी २६ जानेवारीला असते. सुट्टी असते, चाकरमानी येतात, मुंबईची पोरं खराटे घेऊन सड्यावर चढतात. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी देवळात कुळथाची पिठी आणि भात. मागच्या वर्षी शेजारची भावजय पुण्याहून फक्त याच्यासाठी आली होती, तेव्हा मला रडू आलं.

देवाच्या रानाभोवतीची रेषा आम्ही जाळत नाही, फक्त झाडतो. तिथल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची जोडी येते. थंडी सरता सरता मादी स्वतःला आत लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिसं टाकते. धूर आला तरी तिला उडून जाता येत नाही.

जाळलेल्या पट्ट्यावरून दुपारी कोणी लगेच घरी जायचं नाही. पाणी मारा, माती टाका, मग पाण्यात हात बुडवून हाताची पाठ बुंध्यांजवळ धरून चाला. जुन्या खुंटाची मुळं जमिनीत आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसतात. वरून राख थंड लागते. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी चक्कर मारायला गेले, तर एका ऐनाच्या खुंटाशी दव सुकलेलं होतं, आजूबाजूला सगळीकडे ओलं. फावड्याने खणलं तर हातभर खाली लाल निखारा. पंप रिकामा होईपर्यंत पाणी ओतलं, आणि संध्याकाळी पुन्हा जाऊन बघितलं.