क्वाइट अ फ्यू म्हणजे थोडे नाही, बरेच!

फ्यू दिसलं की आपण लगेच थोडे असा अर्थ लावतो आणि इथेच घोळ होतो, कारण क्वाइट अ फ्यू म्हणजे चांगले बरेच, वाटले होते त्यापेक्षा जास्तच. कोणी म्हणालं 'क्वाइट अ फ्यू पीपल केम' तर बरीच माणसं आली असं समजायचं. नुसतं 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे थोडीफार आली, आणि त्यातला तो छोटासा अ काढून 'फ्यू पीपल केम' केलं की फारसं कोणी फिरकलंच नाही, बोलणारा जरा नाराजच आहे बघा. एवढ्याशा अ ने सगळा सूर बदलतो, म्हणून ऐकताना कान तिथेच ठेवायचा.

वापरताना पुढे मोजता येणारी गोष्ट हवी आणि ती अनेकवचनात, जसं क्वाइट अ फ्यू बुक्स, क्रियापदही अनेकवचनीच. वॉटर, टाइम, मनी असलं ज्याला इंग्रजीत एक दोन तीन लावता येत नाही तिथे फ्यू चालत नाही, क्वाइट अ बिट ऑफ टाइम म्हणायचं. आणि हो, क्वाइटच्या जागी ओन्ली टाकलं तर अर्थ पार उलटा, ओन्ली अ फ्यू म्हणजे अगदी मोजकेच.