पावसाळ्यात झिगझॅगची नक्षी बिघडली तर आधी कॅम पाहा

रत्नागिरी-मालवणकडे पावसाळ्यात पिको-झिगझॅगच्या मशीनवर नक्षी एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला रुंद येऊ लागते. लगेच धाग्याच्या टेन्शनचा (ताणाचा) स्क्रू फिरवू नका, दोष बहुतेक वेळा वरच्या कॅमपाशी, म्हणजे चढ-उताराच्या कडेच्या फिरत्या चकतीपाशी असतो.

अशा मशीनमध्ये सुईचा दांडा वर-खाली जातो, शिवाय डावी-उजवीकडे झुलतो. किती झुलायचं ते कॅमच्या कडेवरचे चढ-उतार ठरवतात. त्यांवरून सरकणारा छोटा दट्ट्या तीच हालचाल दांड्याला देतो. खाऱ्या दमट हवेत या दट्ट्याला गंज धरतो. त्यात कुणी घरचं खोबरेल घातलं असेल तर ते कालांतराने चिकट होतं, थंडीत थिजतं, आणि दट्ट्या कॅमला पुरता टेकतच नाही. खोबरेल मशीनला कधीही घालू नका, हे कळकळीने सांगतो.

प्लग काढा, मोटार पूर्ण थांबू द्या. रॉकेलच्या फडक्याने कॅम आणि दट्ट्या पुसा, कोरडे करा, मग मशीनचं पांढरं तेल दोनच थेंब. आता व्हील हाताने सावकाश फिरवा. सुई कापडाबाहेर असतानाच बाजूला सरकली पाहिजे. कापडात असताना सरकत असेल तर सुई वाकते, तुटते. तेव्हा मेकॅनिकला बोलवा. डाव्या आणि उजव्या, दोन्ही टोकांना शटलचं (सुईखाली धागा पकडणाऱ्या भागाचं) टोक सुईच्या भोकाच्या किंचित वरून जातंय ना, तेही बघा. एकाच बाजूचा टाका सुटत असेल तर कारण तिथेच सापडेल.

रात्री मशीन झाकताना सुईखाली सुकं सुती कापड ठेवा.