कर्मचाऱ्यांची स्वयंसेवा आणि देणग्या: संस्थेवर भार न टाकता कार्यक्रम कसा उभारावा

मोठ्या कंपनीने समाजकार्य करायचं ठरवलं की बहुधा सर्वांत आधी टी-शर्टची ऑर्डर जाते आणि सर्वांत शेवटी संस्थेला फोन. हा क्रम उलटा करा, निम्म्या चुका तिथेच टळतील. स्वयंसेवकाचा दिवस संस्थेला फुकट मिळतो असं कंपनीत सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात चाळीस माणसं एका दिवसासाठी येणार म्हटलं की संस्थेचे दोन-तीन कार्यकर्ते आदल्या आठवड्यापासून साहित्य, जागा, पाणी, स्वच्छतागृह यांच्या मागे लागतात आणि त्यांचं नेहमीचं काम पडून राहतं. हा खर्च कोण देणार, हे आधी ठरवावं लागतं.

पहिली बैठक

तारीख, पोस्टर, आकडा यातलं काहीही ठरवण्याआधी संस्थेशी तासभर बोला. जनसंपर्क पाहणाऱ्याशी नको. रोजचं काम हाकणाऱ्या माणसाशी बोला. तुमच्याकडे मनुष्यबळ कमी पडतंय म्हणून कोणतं काम मागे राहिलंय? एका वेळी किती माणसं सांभाळता येतील? त्यांच्यावर देखरेख कोण करेल आणि त्या दिवशी त्या माणसाचं मूळ काम कोण पाहील? आम्ही आलो नाही तर हे काम तुम्ही पैसे देऊन करून घ्याल का? शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक ‘नाही’ आलं, तर ते काम बहुधा तुमच्यासाठीच शोधून काढलेलं आहे. अशा वेळी देणगी द्या आणि माणसं पाठवू नका.

देणाऱ्याला नाही म्हणणं संस्थेला अवघड असतं. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाका की स्वयंसेवा नाकारली तरी देणगीवर परिणाम होणार नाही, आणि हे ईमेलमध्ये लेखीही द्या. शिवाय प्रत्येक दिवसामागे संस्थेला साहित्य, देखरेख आणि तयारीचा खर्च आगाऊ द्या. ही रक्कम देणगीतून वळती करायची नाही.

एका दिवसाचं काम: आधी गणित

सगळ्यांचं लाडकं काम म्हणजे भिंती रंगवणं. 30 मीटर लांब आणि 3 मीटर उंच भिंत म्हणजे 90 चौरस मीटर. साधा इमल्शन रंग एका लिटरमध्ये एका हाताला साधारण 10 ते 12 चौरस मीटर भरतो, म्हणजे दोन हातांना 15 ते 18 लिटर. खडबडीत भिंत याहून जास्त पिते. प्राइमर वेगळा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण 2 ते 4 तास, सोडावा लागतो आणि दमट हवेत त्याहून जास्त. भिंतीपाशी एका माणसाला तीन मीटर जागा धरली तर दहाच माणसं मावतात. चाळीस जण आणले की तीस जण फोटो काढत उभे राहतात. खरवडणं, भेगा भरणं आणि प्राइमर हे आदल्या दिवशी झालेलं नसेल तर संध्याकाळी एक ओला हात मारून मंडळी निघून जातात आणि काही महिन्यांत पोपडे सुटतात. मग संस्था पैसे देऊन रंगारी बोलावते.

झाडं लावण्याचंही तसंच. 45 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यातून सव्वाशे किलोच्या आसपास माती निघते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडून कडक जमिनीत असे दोन-तीन खड्डे झाले तरी पुष्कळ. त्यामुळे खड्डे आधी मजुरी देऊन खणून घ्यावेत. स्वयंसेवकांनी रोपं लावावीत, आळी करावीत, आच्छादन पसरावं. रोपाची प्लास्टिक पिशवी न काढता ते पुरणं आणि खोडाचा बुंधा मातीत खोल गाडणं या दोन चुका हमखास होतात, म्हणून पहिलं रोप जाणकाराने सर्वांसमोर लावून दाखवावं. पुढची दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार हे करारात नसेल तर लावूच नका. अहवालात लावलेल्या रोपांचा आकडा न देता वर्षभराने जगलेल्या रोपांचा द्यावा. तो आकडा लहान असतो, म्हणूनच तो फारसा छापला जात नाही.

अंगमेहनतीच्या कामाला आठ-दहा स्वयंसेवकांमागे काम येणारा एक माणूस ठेवा. हातमोजे, प्रथमोपचार पेटी, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि काम कधी थांबवायचं हे ठरवणारा एकच जबाबदार माणूस असावा. नोंदणी केलेल्यांपैकी काही जण आयत्या वेळी येत नाहीत. हे गृहीत धरून कामाचे तुकडे असे पाडा की दहाऐवजी सात जण आले तरी एखादा तुकडा पूर्ण होईल.

रजेचं धोरण

किती तास द्यायचे यावर खूप चर्चा होते. सेल्सफोर्स ही कंपनी 1999 मध्ये सुरू झाली तेव्हापासून भागभांडवल, उत्पादन आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यांचा प्रत्येकी एक टक्का समाजासाठी देण्याची पद्धत तिने रूढ केली, आणि ती कर्मचाऱ्यांना वर्षाला 7 दिवस पगारी स्वयंसेवा रजा देते. बहुतेक कंपन्यांनी एक किंवा दोन दिवसांपासून सुरुवात करावी. मात्र कागदावर सात दिवस असूनही मॅनेजर सोडत नसेल, तर ते नसल्यातच जमा आहेत.

धोरणात पुढचे मुद्दे स्पष्ट हवेत. रजा तासांत घेता येते की पूर्ण दिवसानेच, आधी किती दिवस कळवायचं, मॅनेजर कोणत्या कारणाने नाकारू शकतो, प्रवासखर्च कोणाचा, राजकीय प्रचार आणि धर्मप्रसार चालणार नाही. शिफ्टमध्ये काम करणारे, कॉल सेंटरवाले आणि कारखान्यातले कामगार हमखास विसरले जातात. त्यांच्या जागी बदली माणूस देण्याचं बजेट नसेल तर हा कार्यक्रम फक्त कार्यालयातल्या लोकांची सहल होऊन बसतो. कंत्राटी कामगारांना घ्यायचं की नाही तेही आधीच ठरवा. दारात उभं राहिल्यावर नको.

विम्याचा प्रश्न कायदा विभागाला लेखी विचारा. स्वयंसेवा करताना कर्मचारी शिडीवरून पडला तर ती कामावरची इजा धरायची का? याचं उत्तर देशागणिक बदलतं, आणि कार्यक्रम कामाच्या वेळेत होता का, कंपनीने आखला होता का, यावरही ते अवलंबून असतं.

शेवटी, ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक. कोण आलं नाही याची यादी मॅनेजरकडे जाता कामा नये. वार्षिक मूल्यमापनात स्वयंसेवेचे गुण नकोत. विभागाविभागांत सहभागाच्या टक्केवारीची चुरसही नको. चुरशीने आकडा वाढतो खरा, पण आजारी आई-वडिलांना सांभाळणारा कर्मचारी त्यात भरडला जातो.

मुलं आणि असुरक्षित माणसं

इथे नियम सैल करू नयेत. संस्थेची बालसंरक्षणाची लेखी पद्धत असेल तरच जावं. स्वयंसेवक मुलासोबत कधीही एकटा राहणार नाही, फोन नंबर वा समाजमाध्यमांवरची ओळख देणार-घेणार नाही आणि चेहरा दिसेल असे फोटो पालकांच्या व संस्थेच्या लेखी संमतीशिवाय काढणार नाही. नियमित संपर्काच्या कामाला पार्श्वभूमीची पडताळणी लागते. तिला आठवडे लागतात, त्यामुळे वेळापत्रक त्यानुसार आखा.

अनाथाश्रमांना एक दिवसाच्या भेटी टाळाव्यात, असं आमचं ठाम मत आहे. दर महिन्याला नवे चेहरे येतात, लळा लावतात आणि निघून जातात. मुलांवर त्याचा परिणाम होतो. काही ठिकाणी तर पाहुणे आणि देणग्या आकर्षित करण्यासाठीच मुलांना घरापासून तोडून संस्थांत आणलं गेलं आहे. ऑस्ट्रेलियात 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यावर चर्चा झाली, तेव्हा या व्यवहाराकडे मानवी तस्करी म्हणून पाहिलं गेलं. मुलांसाठी काही करायचंच असेल तर वर्षभर दर आठवड्याला शिकवायला येणारे पाच जण एका दिवसाच्या पन्नास जणांपेक्षा बरे.

कौशल्याचं काम

हिशेब, भरतीची पद्धत, साठ्याची नोंद, करारांची तपासणी यांत कंपनीचे लोक खरोखर उपयोगी पडतात. काम एका पानावर लिहा: अडचण काय, हातात काय येणार, कोण देणार, कधी संपणार. आठ ते बारा आठवडे, तीन-चार जणांची तुकडी, आठवड्याला प्रत्येकी दोन-तीन तास आणि दोन्ही बाजूंनी निर्णय घेऊ शकणारा एकेक माणूस. तिमाहीअखेरीस हे लोक गायब होतात, तेव्हा त्या काळात काम ठेवू नका.

सर्वांत जास्त वाया जातं ते सॉफ्टवेअर. उत्साही अभियंते संस्थेसाठी नवीन प्रणाली लिहितात. सहा महिन्यांनी त्यातला एक नोकरी बदलतो, सर्व्हरचं बिल कुणाच्या तरी वैयक्तिक कार्डावर असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. नवीन लिहिण्याआधी संस्थेच्या स्प्रेडशीटमध्येच काम भागतं का ते पाहा. बहुतेक वेळा भागतं. डोमेन, खाती आणि परवाने पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर असावेत. काम सोपवताना संस्थेतल्या दोघांनी ते आपल्या हाताने करून दाखवलं, तरच काम पूर्ण झालं असं समजा.

पगारातून देणगी आणि कंपनीची जोड

पगारातून दरमहा ठरावीक रक्कम देण्याची सोय संस्थांना सर्वांत प्रिय, कारण पुढच्या महिन्यात किती येणार हे त्यांना आधीच कळतं. ब्रिटनमध्ये 1987 पासून अशी देणगी कर कापण्यापूर्वीच्या पगारातून देता येते. इतर देशांत करसवलतीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा पावती कोणाच्या नावाने निघणार हे आधी पाहावं. कर्मचाऱ्याने स्वतः ‘हो’ म्हटल्याशिवाय कपात सुरू होऊ नये, आणि ती थांबवणं सुरू करण्याइतकंच सोपं असावं.

कर्मचारी देईल तितकीच भर कंपनीने घालण्याची पद्धत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रतिष्ठानाने 1954 मध्ये सुरू केली. तेव्हा ती महाविद्यालयांना दिलेल्या देणग्यांपुरती होती. आज ती सर्वत्र आहे. नियम आखताना हे ठरवा: प्रमाण (बहुधा एकास एक), माणशी वार्षिक मर्यादा, किमान रक्कम, पात्र संस्थांची कसोटी आणि अर्जाची मुदत. बजेटचा अंदाज असा: 5,000 कर्मचारी, 10 टक्के सहभाग, सरासरी देणगी 2,000 धरली तर कंपनीचा वाटा 10 लाख होतो, चलन कोणतंही असो. मोठी आपत्ती आली की सहभाग अचानक वाढतो, म्हणून त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा. नाहीतर वर्षाच्या मध्यातच पैसे संपतात आणि शेवटच्या तिमाहीत देणाऱ्यांना नकार द्यावा लागतो.

ही जोड अडते ती दोन जागी. एक, कर्मचाऱ्याला स्वतंत्र अर्ज भरावा लागतो आणि तो भरत नाही. देणगीच्याच पानावर एका खुणेने जोड मागता आली पाहिजे. दोन, संस्थेला देणगी मिळाल्याची पुष्टी इंग्रजी पोर्टलवर करावी लागते आणि लहान संस्थेकडे ते करणारं कुणी नसतं. त्यामुळे ओळखीच्या मोठ्या संस्थांनाच पैसा जातो. छोट्या संस्थांची नोंदणी करून द्यायला कंपनीतला एक माणूस नेमा. संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण, विश्वस्त आणि बँक खात्याचं नाव एवढं तपासलं तरी बऱ्याच फसवणुकी पकडल्या जातात.

कंपनी थेट अनुदान देते तेव्हा तीन वर्षांसाठी द्यावं आणि त्यातला काही भाग बंधनमुक्त ठेवावा. भाडं, वीज, हिशेबनीसाचा पगार याला पैसे द्यायचे नाहीत असं म्हणायचं आणि वर दर तिमाहीला नीटनेटका हिशेबही मागायचा, हे बरोबर नाही.

आपत्तीच्या वेळी

पैसे द्या. जुने कपडे, औषधं, खाद्यपदार्थ गोळा करण्याचा मोह आवरा. 2004 च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे 4,000 टन औषधं येऊन पडली; त्यातली बरीच तिथल्या लोकांना न वाचता येणाऱ्या भाषेतली आणि गरजेबाहेरची होती. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं 1996 पासून आहेत: जे मागितलं तेच पाठवा आणि पोहोचताना औषधाची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असू द्या. वस्तू द्यायच्याच असतील तर मदतसंस्थेची यादी घेऊन, एकाच प्रकारच्या, नव्या, मोजून बांधलेल्या आणि खोक्यावर नग व आकार लिहिलेल्या द्या. पहिल्या आठवड्यात प्रशिक्षण नसलेले स्वयंसेवक पाठवू नयेत. त्यांची जेवणाची-राहण्याची सोय आपत्तीग्रस्त भागावरच पडते. दुरुस्तीचं लांबलचक काम तीन-सहा महिन्यांनी सुरू होतं आणि तोवर बातम्या थांबलेल्या असतात. बजेटचा मोठा हिस्सा त्या काळासाठी राखा.

शेजाऱ्यांचं काय

कारखान्याचा धूर, ट्रकची वर्दळ, पाण्याचा वापर याबद्दल आजूबाजूच्या लोकांची तक्रार असेल तर तिथे वह्या वाटून भागत नाही. तक्रार नोंदवायची स्वतंत्र जागा, उत्तराची मुदत आणि निर्णय घेऊ शकणारा अधिकारी हवा. समाजकार्याच्या विभागाकडे हे काम ढकललं की लोकांचा त्या विभागावरचाही विश्वास उडतो.

मोजमाप

1994 मध्ये लंडन बेंचमार्किंग ग्रुप या नावाने सुरू झालेली आणि आज बी4एसआय म्हणून ओळखली जाणारी चौकट तीन गोष्टी वेगळ्या ठेवते: काय घातलं, काय झालं आणि त्याने काय बदललं. तास, माणसं आणि रक्कम हे फक्त पहिलं. अहवाल तिथेच थांबत असेल तर तो अर्धाच आहे. भारतात तर सामाजिक उत्तरदायित्वाच्या अनिवार्य खर्चात कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचे तास रुपयांत मोजून धरता येत नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे.

प्रत्येक कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांनी संस्थेला छोटी प्रश्नावली पाठवा आणि उत्तरं तिऱ्हाइतामार्फत, नाव न लावता गोळा करा. तुमचे किती तास गेले? काम पुन्हा करावं लागलं का? आम्ही पुन्हा यावं का? शेवटच्या प्रश्नाला सलग दोनदा ‘नाही’ आलं तर तो कार्यक्रम बंद करा आणि त्याचं बजेट संस्थेला देऊन टाका.