पुण्याच्या गॅलरीत जिरेनियम फुलवायचं तर

थंडीत नर्सरीतून फुललेलं जिरेनियम घरी येतं आणि जूनच्या पावसात बुंध्याशी काळं पडून मरतं, असं पुण्यात फार घरांत होतं. मूळचं हे झाड दक्षिण आफ्रिकेतलं, पाणी झटकन निथळणाऱ्या जमिनीतलं. मुळाशी ओल साचली की ते बुरशीला बळी पडतं.

म्हणून काळी माती नको. मी लाल माती, जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत समसमान घेते. कुंडी मातीची, सहा ते आठ इंची. मोठ्या कुंडीत पानंच माजतात. मुळं जरा दाटली की कळ्या धरतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी घाला, तेही पानांवर नाही. कुंडीखालची बशी काढून टाका.

थंडीत दिवसभर ऊन द्या. मार्चपासून सकाळचं ऊन पुरे, दुपारी हिरव्या जाळीचा आडोसा करा. जूनच्या आधी कुंडी छपराखाली, पण उजेडात आणि वाऱ्यात. पावसाळ्यात फुलांची आशाच धरू नका, झाड जगलं तरी पुष्कळ.

आता खरी गंमत. गुच्छातली निम्मी फुलं सुकली की पाकळ्या खुडत बसायचं नाही. फुलाचा दांडा फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे धरून खाली वाकवा, कट्कन निघतो. नव्या कळ्यांसाठी यापेक्षा मोठं खत नाही. हे आठवड्यातून एकदा तरी करा.

खत पंधरा दिवसांतून एकदा: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरभर पाण्यात एक ग्रॅम. कळ्या दिसू लागल्या की त्याऐवजी ०:०:५० (नुसतं पालाश असलेलं), तेवढंच. युरिया घालू नका, नुसता पाला वाढेल.

पाऊस सरला की ऑक्टोबरात लांबुडक्या फांद्या निम्म्याने छाटा. छाटलेले चार इंची शेंडे फेकू नका. खालची पानं काढा, काप सावलीत काही तास सुकू द्या आणि मग ओलसर वाळूत खोचा. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायचा मोह टाळा, तिच्यात ते कुजतात. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. प्रत्येक कुंडीवर फुलाचा रंग लिहून ठेवा. पानांवरून लाल-गुलाबी ओळखू येत नाही, आणि शेजारच्या काकूंना लालच हवं असतं.